मदत हवी आहे: २००१ ची सेलिका, ट्रॅक डे आणि जमिनीला टेकलेलं ब्रेक पेडल

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आता अडलंय म्हणून धागा काढतोय.

मी जळगावचा. गाडी टोयोटा सेलिका, २००१ चं मॉडेल, १.८ पेट्रोल, मॅन्युअल गिअर. मामा इंग्लंडहून कायमचे परतले तेव्हा ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्सवर सोबत घेऊन आले होते. पुढे त्यांचे गुडघे आणि गाडीची ती जमिनीलगतची सीट यांचं जमेना. मग सहा-सात वर्षं गाडी शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली. एका बाजूला ठिबकच्या नळ्यांची बंडलं, दुसऱ्या बाजूला ही. दोन वर्षांपूर्वी मी मागून घेतली. उंदरांनी खाल्लेलं वायरिंग, बॅटरी, पेट्रोलचे पाइप, कूलंट, सगळे बेल्ट एवढं करून चालू केली. आमचे मिस्त्री तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "भाऊ, हाई गाडी चालाडानी नही, दखाडानी शे." ते मनाला लागलं म्हणून असेल, पण गेल्या हिवाळ्यात मी ती चालवत थेट चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर नेली. हौशी लोकांचा ट्रॅक डे होता, म्हणजे आपापली गाडी रेस ट्रॅकवर पळवायचा दिवस.

आता मूळ दुखणं. तिथली फेरी साधारण ३.७ किलोमीटरची. पहिल्या दोन फेऱ्या मस्त. तिसऱ्या फेरीला सरळ पट्टा संपताना नेहमीच्या जागी ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल सरळ खाली गेलं, मॅटला टेकलं. दोन-तीनदा पंप केल्यावर थोडं वर आलं, तोवर वळण निघून गेलं होतं. मी गवतात. गाडीला ओरखडा नाही, मला घाम. पिटमध्ये आणून हँडब्रेक ओढला, गाडी बंद केली आणि पाणी प्यायला गेलो. चाकांतून जळकट वास येत होता.

बजेट दीड लाख. त्यात काय काय करायचं याची यादी मी आधीच केली होती: एक्झॉस्ट, कोल्ड एअर इनटेक, ईसीयू रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं), कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन), मागची सीट काढणं, जमलं तर रोल केज (आतून लोखंडी नळांचा सांगाडा). सस्पेन्शनचे रबर बुश (सांध्यांमधली रबरं) दगड झालेत. ते एमआयडीसीतला लेथवाला नायलॉनचे करून देतो म्हणतो, तेही हजार-दीड हजारात. आता या यादीत ब्रेक कुठे घालू? मोठे कॅलिपर (डिस्कवर पॅड आवळणारे चिमटे) घ्यावे लागतील का? आणि हो, गाडी रस्त्यावर चालली पाहिजे, ट्रेलरवर नेण्याइतका पैसा नाही. रविवारी लेकीला क्लासला सोडायलाही हीच लागते.

*

तापीकाठ:

यादी बाजूला ठेवा. आधी एकच सांगा, पेडल मऊ पडलं होतं की दगडासारखं घट्ट होतं आणि तरी गाडी थांबत नव्हती? ही दोन वेगळी दुखणी आहेत. आणि ब्रेक ऑईल शेवटचं कधी बदललं?

*

मूळ धागाकर्ता:

मऊ. स्पंजसारखं. पंप केल्यावर थोडं यायचं.

ब्रेक ऑईल... खरं सांगतो, इतकं सगळं बदललं पण ते राहिलं. आत्ता अंगणात जाऊन डबीचं झाकण उघडून पाहिलं. आमच्याकडे बस स्टँडवर संध्याकाळी उरलेला चहा असतो ना, तो रंग. मामांच्या काळातलंच असणार.

*

तापीकाठ:

मग तुमचं निम्मं उत्तर तुमच्या अंगणातच आहे.

ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं. शेडमध्ये उभ्या गाडीतही शोषतं, चार पावसाळे गेले की पुरे. डॉट ३ ऑईल नवं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर १४० पर्यंत येतं. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. तुम्ही सरळ पट्ट्याच्या शेवटी जेव्हा सारखा जोर लावता तेव्हा कॅलिपरमधलं ऑईल १४० सहज ओलांडतं. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जातं. पॅड तापून गुळगुळीत झाले असते तर पेडल घट्ट राहिलं असतं आणि गाडी मात्र वाहत गेली असती.

चांगलं डॉट ४ किंवा ५.१ आणा. डॉट ५ आणू नका, नाव जवळचं असलं तरी ते सिलिकॉनचं असतं, यात चालत नाही. चारही चाकांतून जुनं पूर्ण निघून स्वच्छ येईपर्यंत ब्लीड करा. एक माणूस पेडलवर, एक कॅलिपरच्या निपलवर (ऑईल बाहेर सोडायच्या तोंडावर), निपलला पारदर्शक नळी. दर ट्रॅक डेच्या आधी पुन्हा.

दुसरं म्हणजे रबरी होज, ब्रेक ऑईलच्या नळ्या. तेवीस-चोवीस वर्षांचे असतील तर जोरात दाबल्यावर फुगतात. जाळीचे स्टीलचे होज लावा. मोठे कॅलिपर तूर्त विसरा. १,१०० किलोच्या आसपासची गाडी आहे तुमची, मूळ ब्रेक पुरतात. पॅड मात्र ट्रॅकला चालणारे घ्या आणि तेच रस्त्यावर थंड असताना थोडे कमी पकडतील हे लक्षात ठेवा.

आणि ट्रॅकवरून आल्या आल्या हँडब्रेक? अहो! एक फेरी ब्रेक न लावता हळू मारायची, गाडी गिअरमध्ये उभी करायची, चाकाला विटकर लावायची. तापलेल्या डिस्कला पॅड आवळून ठेवले तर तेवढ्या जागी त्याचा थर चिकटतो, मग ब्रेक लावला की पेडल थरथरतं.

*

मूळ धागाकर्ता:

परत येताना सोलापूरपर्यंत थरथरत होतं. मला वाटलं अलाइनमेंट.

*

अर्धाक्लच:

रोल केजबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. जी गाडी लेकीला क्लासला सोडते तिच्यात केज नको. हेल्मेट घातलेल्या माणसासाठी तो नळ संरक्षण आहे, उघड्या डोक्यासाठी तोच नळ हातोडा. बाजूने धक्का बसला की डोकं तिकडेच जातं.

कागदांचंही पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल चालत नाहीत, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. ब्रेक पॅड, ऑईल, होज, बुश ही दुरुस्ती आहे. मोठा आवाजाचा एक्झॉस्ट हा मात्र आकाशवाणी चौकातल्या पोलिसासमोर स्वतःहून हात वर करण्याचा प्रकार. मागची सीट बोल्ट काढून ट्रॅकपुरती पिटमध्ये ठेवा, परतताना लावा. २०२२ मध्ये आयात गाडीच्या नोंदणी नूतनीकरणाला चाळीस हजार मोजावे लागले तेव्हा माझ्या एका मित्राच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ती आरसी असल्या हौसेपायी गमावू नका.

तुमच्या विम्याचा कागदही उघडून बघा. रेसिंग आणि वेग-चाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर ठोकली तर ती तुमची.

*

शेवभाजी:

एवढं कशाला? ब्रेक झाले की रात्री बायपासवर दोन पट्टे मारून बघायचे. नाहीतर धुळ्यावरून आग्रा रोडने वर जा, पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहेच की.

*

तापीकाठ:

@शेवभाजी, बायपासवर रात्री बिनलाइटची ट्रॉली असते, कापसाच्या गाड्या असतात, आणि दुभाजकातून येणारी म्हैस तर वेळकाळ पाळत नाही. असले सल्ले देऊ नका. पीथमपूरची गोष्ट वेगळी, ते मुळात गाड्यांच्या चाचणीचं सरकारी केंद्र आहे. आणि तो हायस्पीड ट्रॅक म्हणजे लांबलचक लंबगोल, तिथे ब्रेक आणि वळणं शिकायला काही मिळणार नाही.

*

शेवभाजी:

बरं बाबा, माघार.

*

इंजिनघर (नाशिक):

उशिरा आलो. इंजिनाला हात लावू नका असं सांगायला आलो. तुमच्या गाडीत १झेडझेड आहे. २००३ पासून आपल्याकडे जी कोरोला विकली गेली तिच्यातही तेच १.८ इंजिन. म्हणजे प्लग, फिल्टर, वॉटर पंप, सेन्सर, गॅस्केट अशा गोष्टींसाठी इंग्लंडला मेल टाकत बसायची गरज नाही, कोरोलाचा भाग नंबर ताडून पाहा. फक्त बाहेरचे कंस आणि पाइप वेगळे असू शकतात. या इंजिनाला इनटेक-एक्झॉस्ट-रिमॅप करून पाच-सात हॉर्सपॉवर मिळतील, तुम्हाला कळणारही नाहीत. त्या पैशांत तीन ट्रॅक डे होतात.

सुरुवातीच्या वर्षांतली ही इंजिनं ऑईल पितात अशी त्यांची ख्याती आहे. तुमचं पितं का? दर सत्रानंतर डिपस्टिक बघायची सवय लावा. लांब वळणात ऑईल टाकीच्या एका भिंतीला जातं, पातळी आधीच कमी असली की पंप हवा ओढतो. खुणेच्या वरच्या रेघेला ठेवा.

नायलॉनच्या बुशबद्दल: लेथवाल्यांवर माझा जीव आहे, पण खालच्या आर्मला (चाक धरणाऱ्या दांडीला) नायलॉन नको. रबर पिळवटतं, म्हणून आर्म वरखाली होतो. नायलॉन पिळवटत नाही, ते घासतं किंवा चिरतं, आणि धक्का थेट बॉडीच्या पत्र्याला जातो. मूळ रबरी बुश मागवा. फारतर मागच्या अँटिरोल बारचे (वळणात गाडी कलू न देणाऱ्या दांडीचे) पॉलियुरेथेनचे करा. पुढचं चाक ओढणाऱ्या गाडीचं नाक वळणात बाहेर पळतं, मागचा बार घट्ट केला की ते जरा आत येतं.

आता खरा प्रश्न. टायर कधीचे आहेत? भिंतीवर चार अंकी आकडा असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तो इथे लिहा.

*

मूळ धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सुटी होती म्हणून चाकं उतरवली, तेच लिहितो.

टायर: पुढचे दोन २०२२ चे. मागच्या दोन्हींवर ३५१४. म्हणजे २०१४ चा ऑगस्ट. नक्षी भरपूर शिल्लक होती म्हणून मी कधी वाकून पाहिलंच नाही. नखाने दाबलं तर नख उमटत नाही, आणि खोबणीत बारीक भेगा आहेत, उन्हाळ्यातल्या काळ्या मातीसारख्या. यावर मी दोनदा दक्षिणेत जाऊन आलो असतो, एकदा तर गेलोच.

ब्रेक: मागच्या डाव्या कॅलिपरची सरकपिन जाम होती. पक्कडीने फिरवून, डिझेलमध्ये भिजवून तासाभराने निघाली. आतल्या बाजूचा पॅड पत्र्यापर्यंत आलेला, बाहेरचा जवळजवळ नवा. ब्लीड करताना पुढच्या उजव्यातून आधी चहा आला, मग बुडबुडे, मग पुन्हा चहा. मिस्त्री पेडलवर होते. त्यांनी नळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

इंजिन ऑईल पीत नाही. चेन्नई ते जळगाव काटा हलला नाही.

तर नवी यादी अशी ठरतेय: चार टायर, पॅड, होज, ऑईल, चारही कॅलिपरच्या पिना-सीलचा किट, पुढच्या आर्मचे रबरी बुश, मग अलाइनमेंट. रोल केज आणि रिमॅप खोडलं. एक्झॉस्टही खोडला, जड अंतःकरणाने. उरले तर हेल्मेट. माझ्याकडे आहे ते दुचाकीचं, आयएसआयचं, तेव्हा चालवून घेतलं होतं.

दोन शंका राहिल्या. एक, गाडीला मूळ माप २०५/५० आर१६ आहे, इथल्या दुकानदाराकडे २०५/५५ आर१६ चा ढीग आहे आणि तो म्हणतो "तेच ते". चालेल का? दोन, नवे पॅड डिस्कवर रुळवायला मोकळा रस्ता लागतो म्हणतात, तो जळगावात कुठून आणू?

*

इंजिनघर (नाशिक):

तेच ते नाही. ५५ चा टायर सुमारे दोन सेंटिमीटर उंच होतो, म्हणजे स्पीडोमीटर तीन टक्के कमी दाखवणार, गिअर लांब होणार आणि पूर्ण वळवल्यावर आतल्या प्लास्टिकला घासण्याची शक्यता. थांबा, मागवा, पण ५० च घ्या. चारही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे.

पॅडसाठी रविवारी सकाळी सहाला एमआयडीसीतला एखादा रिकामा रस्ता. साठवरून वीसपर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा, पूर्ण थांबायचं नाही, मग दहा मिनिटं ब्रेकला हात न लावता गार होऊ द्यायची.

*

मूळ धागाकर्ता:

रविवारी सहाला जातो. लेक म्हणतेय तीही येणार, मागच्या सीटवर. सीट काढणार होतो हे तिला अजून सांगितलेलं नाही.