मिशरी सोडवायला भीती दाखवून उपयोग होतो का?

साळुंकी: आईची मिशरी चाळीस वर्षांची. तव्यावर तंबाखू भाजल्याचा खमंग करपट वास म्हणजे आमच्या घरची सकाळ. कॅन्सरचे फोटो तिला सगळ्यांनी दाखवले, मी पण दाखवले, २०१६ पासून तर पुडीच्या ८५ टक्के भागावर तेच चित्र असतं. ती म्हणायची, "ठाऊक हाय गं मला, पण माझ्याच्यानं सुटायची न्हाई." सगळं त्या "माझ्याच्यानं" मध्ये अडकलंय. बँडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ सालीच मांडलं की काय करायचं हे माहीत असणं वेगळं आणि ते मला जमेल असं वाटणं वेगळं, आणि आपलं आरोग्यशिक्षण नुसतं माहीत करून देण्यावरच थांबतं. शेवटी आईला म्हटलं सगळी नको सोडूस, दुपारची तेवढी सोड. आठ दिवस निभावलं तर स्वतःच म्हणाली आता संध्याकाळची बघते.

काळीमाती: ताई, आईचं चांगलं झालं, पण मला हे पटत नाही. "जमेल असं वाटत नाही" म्हटलं की दोष परत त्या बाईवरच. माझी मावशी ऊसतोडीला जाते, पहाटे चारला उठून फडात, पोटात काही नसतं, मिशरी लावली की भूक मरते आणि दाढेचा ठणका पण कमी वाटतो. तिला कुठला विश्वास देणार? गुटखाबंदी २०१२ ची, तरी टपरीवर मिळतोच. आधी ते थांबवा, बायांना वेळेवर खायला मिळू द्या.

साळुंकी: दादा, टपरीचं आणि पोटाचं शंभर टक्के खरं. पण हा म्हणजे मोघम आत्मविश्वास नाही हो, हे एक काम मला जमेल का एवढंच. आणि ते नुसतं "तू करू शकतेस" म्हणून येत नाही, सगळ्यात जास्त येतं स्वतः थोडं जमवून दाखवल्यावर, मग आपल्यासारख्याच कुणाला जमलेलं बघून. आईला शेजारच्या काकूंचं बघून जेवढा धीर आला तेवढा डॉक्टरांच्या बोलण्याने नव्हता आला. पहिले दोन-तीन दिवस डोकं दुखणार, चिडचिड होणार हे आधीच सांगितलं होतं, नाहीतर तिला वाटलं असतं बघ, नाहीच जमत मला.

दंतकळा: मी दातांच्या दवाखान्यात काम करते. भीती अगदीच फुकट जाते असं नाही. हिरडीवरचा पांढरा चट्टा आरशात स्वतःचा स्वतः बघितला की बाई गप्प होते. पण तेव्हाच पुढे काय करायचं ते सांगितलं नाही तर ती परत येतच नाही, घाबरून तोंड दाखवायचंच बंद करते, असं लई वेळा बघितलंय. आणि दाढ किडलेली असेल तर आधी दाढ, मिशरीचं नंतर. दुखणं तसंच ठेवून सोड म्हणणं अन्याय आहे.

काळीमाती: दाढेचं पटलं. बाकी माझं मत तेच, फडात सावली नाही की संडास नाही आणि आपण बाईच्या मनाची तयारी मोजतोय. मावशी दिवाळीनंतर टोळीबरोबर जाईल, मग सहा महिने कुठला दवाखाना.

साळुंकी: मग जायच्या आधीच दाढ दाखवा दादा. आणि टोळीत कुणी मिशरी सोडलेली बाई असेल तर मावशींची गाठ घालून द्या तिच्याशी.

काळीमाती: आहे एक. विचारतो.