घरगुती फिटिंग: कोणतं काम परत परत अंगावर येतं?

वायरमन, मिस्त्री, फिटिंगचं सामान विकणारे, सगळ्यांनी लिहा. किस्से नकोत. कोणता बिघाड सारखा समोर येतो, का येतो आणि तुम्ही काय करता, ते मापासकट सांगा.

लातूर, घरगुती रिपेअरिंग
मार्च लागला की पत्र्याचा कूलर आणि "हात लावला की करंट मारायलाय". पंपाच्या वायरीचा जोड टाकीतच टेप मारून दिलेला असतो, पाण्याने टेप सुटते. जोड टाकीबाहेर कनेक्टरमध्ये घ्या. पण खरा घोळ वेगळाच: पत्र्यावर फेज येऊनही एमसीबी (जादा करंटला पडणारं बटण) पडत नाही, कारण सॉकेटला तिसरं भोक असलं तरी मागे हिरवी, म्हणजे अर्थची वायरच नसते.

तपासायला फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा टेस्ट दिवा लावा. न्यूट्रलवर पेटतो तसाच पेटला पाहिजे; मिणमिणला तर अर्थिंग कुचकामी. आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारी) असेल तर ती लगेच पडेल, ठीकच आहे. दिवा लावलेला असताना मात्र घरात कुणी फ्रीज-कूलरला शिवू नये. अर्थ मध्येच तुटलेला असेल तर दिव्यातून आलेला फेज त्या सगळ्या पत्र्यांवर उतरतो. हे कुणी सांगत नाही.

परभणी, अर्थिंगची कामं
आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात अर्थिंगला सोन्यासारखी. उन्हाळ्यात तीच फाटते, प्लेटपासून सुटते आणि अर्थिंगच्या रोधाचं रीडिंग कुठल्या कुठे जातं. म्हणून ऑगस्टमधल्या रीडिंगवर खूश होऊ नका, मे महिन्यात मोजा.

जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) प्लेट ६०० बाय ६०० मिमी, ६ मिमी जाड, उभी ठेवायची. तिची वरची कड जमिनीखाली किमान दीड मीटर. भोवती कोळसा आणि मीठ थरावर थर, आणि पाणी घालायला वरपर्यंत पाइप. मीठ हात सैल सोडून टाकू नका, ते जीआयलाच खातं. आधी सडतो तो नट-बोल्ट, प्लेट नंतर. जागा मोरीच्या किंवा हातपाय धुण्याच्या पाण्याजवळ निवडली तर उन्हाळ्यातही ओल राहते. मुरूम लागला तर खड्ड्यात बेंटोनाइट (ओल धरणारी चिकणमाती) भरा, निघालेला मुरूम परत लोटू नका.

हिंगोली, गावठाणातला वायरमन
परभणीकरांना जोडून. खांबावरचा न्यूट्रल सुटला की लोक म्हणतात, "भाऊ, अर्थिंगच न्यूट्रलला जोडून दे, लाईट तर येऊ दे." हे करू नका. कोरड्या मातीत तो करंट पुरता जिरत नाही, घरातल्या प्रत्येक पत्र्यावर येऊन बसतो.

सुटलेला न्यूट्रल ओळखायला एखादं बटण चालू ठेवा: टेस्टर दोन्ही भोकांत पेटतो, टेस्ट दिवा मात्र पेटत नाही. डीपीवरचाच (ट्रान्सफॉर्मरवरचाच) न्यूट्रल गेला असेल तर वेगवेगळ्या फेजवरची घरं आपसात सिरीजमध्ये येतात आणि ४०० व्होल्ट वाटून घेतात. ज्या घरात लोड कमी, तिथे व्होल्टेज जास्त; टीव्ही आणि चार्जर तिथलेच जळतात. अशा वेळी ना एमसीबी वाचवते ना आरसीसीबी. जादा व्होल्टेजला तोडणारा रिले मेनलाच बसवावा लागतो.

बीड
मालक पॉइंटवर भाव करायलेत आणि वायर स्वतः आणायलेत, तिथेच गणित बिघडतं. ९० मीटरची एकची (१ चौरस मिमीची) कॉइल आणून देतात: दिव्याला ती, गिझरलाही ती. दिव्या-पंख्याला दीड, १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीच, एसी आणि मोठ्या गिझरला चार. २००० वॉटचा गिझर पावणेनऊ अँपिअर घेतो, त्याला अडीचची चालते, पण सॉकेटपर्यंत वेगळी लाइन पाहिजे, मध्ये दुसरा पॉइंट नको.

नांदेड
बटण बंद करूनही एलईडी मिणमिणत असेल तर आधी बटण न्यूट्रलवर आहे का बघा. दिवा बदलून काही होत नाही.

छत्रपती संभाजीनगर, नवीन बांधकामं
"आरसीसीबी खराब निघाली, बदलून द्या." क्वचितच ती खराब असते. दोष बहुतेक उसन्या न्यूट्रलचा: जिन्याच्या दिव्याला फेज खालच्या मजल्याचा, न्यूट्रल वरच्याचा. किंवा इन्व्हर्टरला लाइन आरसीसीबीच्या पुढून दिली आणि त्या दिव्यांचा न्यूट्रल जुन्या मेनवरच राहिला. गेलेला करंट परत तिच्यातून येत नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी पाडायला ९ वॉटचा एक एलईडीही पुरतो.

शोधायचं असं: मेन बंद, सगळे न्यूट्रल पट्टीवरून सोडवा, दिवे-चार्जर काढा, मग न्यूट्रल-न्यूट्रलमध्ये कंटिन्युइटी बघा. दोन सर्किटचे न्यूट्रल एकमेकांशी बोलले की चोर तिथेच. नंतर ५०० व्होल्टचा मेगर (वायरीचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र). १ मेगाओमच्या खाली आलं तर ओल शोधा. एलईडी लावलेलेच ठेवून मेगर मारला तर ड्रायव्हर जातात.

जालना, शेतवस्तीच्या मोटारी
बोअरची १ एचपी सिंगल फेज मोटार ८ अँपिअरच्या आसपास घेते. १०० मीटर लांब दीडची तांब्याची वायर टाकली तर जाऊन-येऊन १९ व्होल्ट वायरीतच जातात, चारची टाकली तर साडेसात. संध्याकाळी आधीच १९० येत असतील तर मोटारीला काय उरलं? उठताना करंट कितीतरी पट, तेव्हा तर आणखी वाईट. मोटार नुसती घूं करते आणि ट्रिप होते. बहुतेकजण पॅनलमधला कपॅसिटर बदलतात. तोही बदला, पण त्याआधी मोटार उठत असताना पॅनलवरचं व्होल्टेज बघा.

धाराशिव
माळवदाच्या घरात केसिंग पट्टी (वायर झाकायची प्लास्टिकची पट्टी) माती गळते तिथून कधीच नेऊ नका, तुळईच्या खालच्या अंगाने न्या. जोड पट्टीत नको, बोर्डातच. उंदीर पट्टीचं तोंड कुरतडून आत शिरतात, म्हणून टोकं बंद करा.