नांदेडच्या उन्हात पावणेदहा ते सव्वासहा टिकतील असे ऑफिसचे कपडे

नवीन_रुजू

नांदेडला सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून जूनमध्ये रुजू व्हायचंय. आवक-जावकचं टेबल, मधूनमधून रेकॉर्ड रूम. एसी नाही, कूलर आहे. जाणं-येणं स्कूटीवर, एका बाजूचे 9 किलोमीटर. सुरुवातीला दोन साड्या आणि तीन-चार कुर्ते एवढंच घ्यायचंय. नियम नेमका काय आहे, कापड कोणतं घ्यावं, शिवायला टाकताना काय सांगावं, आणि सुती साडी संध्याकाळपर्यंत जागच्या जागी कशी ठेवायची? "सोबर घे" एवढंच सांगू नका, ते घरचे रोज सांगायलेत.

जावक_क्रमांक

नियमाचं आधी. सामान्य प्रशासन विभागाचं परिपत्रक डिसेंबर 2020 चं आहे. महिलांसाठी साडी, सलवार किंवा चुडीदार कुर्ता, किंवा ट्राउझर पँटवर कुर्ता वा शर्ट. दुपट्टा "आवश्यक असल्यास", म्हणजे सक्ती नाही. गडद रंगाचं चित्रविचित्र नक्षीकाम नको, टी-शर्ट नको. जीन्सलाही तेव्हा मनाई होती, ती 2021 मध्ये काढली, पण नव्या माणसानं पहिले दोन महिने तरी तो प्रयोग करू नये. पायात चप्पल, सँडल, बूट काहीही चालतं, फक्त स्लीपर चालत नाही. ओळखपत्र दिसेल असं लावायचं. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी घालावी असंही त्यात आहे. खादी तुमच्या नांदेडातच मिळते. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती तिथलीच, राष्ट्रध्वज बनवणारी. तेव्हा चारातला एक कुर्ता खादीचा शिवून घ्या.

दागिन्यांचं परिपत्रकात काही नाही. मात्र काचेच्या बांगड्या कीबोर्डवर आपटत राहतात आणि लांब कानातलं फोनच्या रिसीव्हरला लागतं, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

उभा_आडवा_धागा

कापडाचं सांगते. पाच दिवसांच्या आठवड्यामुळे 9:45 ते 6:15 बसायचंय, त्यात जाण्या-येण्याचा तास धरा. दुकानातल्या आरशासमोर पाच मिनिटं चांगला दिसणारा कपडा इथं कामाचा नाही. घ्यायच्या आधी कापडाचा कोपरा मुठीत 20 सेकंद घट्ट आवळून सोडा. धारदार चुण्या तशाच राहिल्या तर दुपारी बारालाच मांडीवर तसंच दिसणार. निव्वळ लिनन इथं हमखास नापास होतं. जरा घट्ट विणीचं सुती किंवा मंगलगिरी (आंध्रातलं हातमागाचं सुती) उत्तम. मंगलगिरीला काठ असल्यानं वेगळ्या नक्षीची गरजही पडत नाही.

पारदर्शकता ट्यूबलाइटखाली कळत नाही. दुकानाच्या दारात येऊन कापडाखाली हात धरा. बोटं वेगवेगळी मोजता आली तर अस्तर लागणार. अस्तर सुती मलमलचंच सांगा. शिंपी न विचारता क्रेपचं लावतात, स्वस्त पडतं आणि शिवायला सोपं जातं, पण त्यात घाम जिरत नाही, पाठीला चिकटतो. फिक्या कुर्त्याखाली आतले कपडे पांढरे नकोत, आपल्या कातडीच्या रंगाचे हवेत. पांढरं उलट उठून दिसतं.

44 इंची पन्ह्याचं कापड असेल तर मध्यम मापाच्या, गुडघ्यापर्यंतच्या, पाऊण बाहीच्या कुर्त्याला अडीच मीटर. 36 इंची खादी असेल तर तीन मीटर. पँटला दोन ते सव्वादोन मीटर. शिवायला टाकण्याआधी कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. सुती कापड पहिल्या पाण्यात शेकडा तीन ते पाच आकसतं, म्हणजे अडीच मीटरमागे 7 ते 12 सेंटीमीटर. अस्तरही भिजवायचंच. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आत ओढलं जातं आणि वरचा कुर्ता फुगून बसतो. तिथं दोष शिंप्याला देऊन उपयोग नाही.

शिंप्याला हे सांगा: बाजूच्या शिवणीत दोन्हीकडे एक-एक इंच माया (शिवणीआतलं जास्तीचं कापड) ठेव. मुंढा (बाही जोडतात तो गोल) तंग नको, पण खोलही नको. पँटला उजवीकडे खिसा, तोंड 6 इंच, खोली 9 इंच, मोबाइल बसेल असा. खिसा कुर्त्याला करायचा हट्ट नको, मोबाइलच्या वजनानं कुर्ता एका बाजूला ओढला जातो. बाजूचा कट किती उंच घ्यायचा ते उभं राहून ठरवू नका, ट्रायलला खुर्चीवर बसून बघा. बसल्यावर कमरेची पट्टी दिसली की कट एक-दीड इंच खाली घ्यायला लावा. मग दोन्ही हात वर करा, जणू वरच्या रॅकमधून फाइल काढताय. कुर्ता चार बोटांहून जास्त वर गेला तर मुंढा चुकलाय. मुंढा खोल असला की हात उचलताना सगळा कुर्ता सोबत उचलला जातो. लोकांना वाटतं मुंढा मोठा केला की मोकळं होतं, होतं उलटं. तो बगलेच्या जवळच हवा, रुंदी बाहीत हवी. ब्लाउजलाही हेच.

पिन_आणि_निरी

साडीचं मी लिहिते. नारायणपेठ तुमच्याकडे सहज मिळते, वजनाला हलकी, रोजच्याला बरी. इरकल सुती घ्या, रेशमी पदराची रोज नको, खुर्चीच्या खिळ्याला अडकली की धागा निघालाच.

फॉल लावायच्या आधी साडी आणि फॉल दोन्ही भिजवा. कोरा फॉल लावला की पहिल्या धुण्यात तो आकसतो आणि खालचा काठ चुण्या पडून वर वळतो, मग कितीही इस्त्री करा. परकर सुती, नाडी गोल दोरीची नको, दीड-दोन इंची पट्टीची. गोल नाडी दिवसभर काचते आणि एकाच जागी रोज काचली की कातडी काळी पडून चिरते. नाडीची गाठही रोज जरा सरकवून बांधा.

ऑफिसला घालायची तीच चप्पल पायात घालून साडी नेसा, अनवाणी नेसून नंतर चप्पल घातली की दोन बोटं वर जाते. निऱ्या पाच ते सहा पुरेत, पंजाएवढ्या रुंद. जास्त केल्या तर पोटावर गठ्ठा होतो, कमी केल्या तर जिना चढताना पाऊल अडतं. सगळ्या निऱ्या खोचायच्या आधी वरून चार बोटं खाली एक पिन आतल्या बाजूनं. पदराच्या चार-पाच घड्या करून खांद्यावर पिन ब्लाउजच्या आतून लावा, आणि पिनेच्या गुंडाळीपाशी एक छोटा मणी किंवा शर्टाचं बटण ओवून ठेवा. साडी फाटते ती टोकानं नाही, त्या गुंडाळीत कापड शिरून फाटते. पदर मागं गुडघ्याच्या वरच थांबवा. चाकाच्या खुर्चीत पदर गेला की उठताना सगळं सुटतं.

स्कूटीवर पदर पुढून घेऊन कमरेत खोचायचा, वरून सुती सनकोट बटणं लावून. ओढणी असेल तर डिक्कीत टाका, गळ्यात नाही. मोकळी ओढणी मागच्या चाकात जाते आणि गळ्याला फास बसतो, यात गंमत नाही. मोटारसायकलवर मागं बसायचं असेल तर साडी गार्ड आहे ना बघा, निम्मं चाक झाकणारं संरक्षण नियमातच आहे.

खळ_आणि_इस्त्री

वरच्या सगळ्यांशी सहमत, एक भर. कूलरच्या हवेत ओल असते. कडक खळीची साडी अकरापर्यंत कागदासारखी आणि एकला पोतेऱ्यासारखी. म्हणून खळ पातळच. दोन मोठे चमचे साबुदाणा लिटरभर पाण्यात काचेसारखा होईस्तोवर शिजवा, गाळा, चार-पाच लिटर पाण्यात मिसळून एक साडी बुडवा. गाळल्याशिवाय टाकली की गडद रंगावर पांढरे ठिपके. इस्त्री किंचित ओलसर असतानाच. पावसाळ्यात ठेवणीतल्या साड्यांची खळ धुऊन मगच घड्या घाला, नाहीतर बुरशी आणि कसर दोन्ही.

बोअरचं पाणी असेल तर साबणाची वडी नको. क्षाराशी साबण फाटतो आणि काळ्या-निळ्या कपड्यावर राखाडी थर बसतो. लिक्विड वापरा, शेवटच्या बादलीत दोन चमचे पांढरा व्हिनेगर.

नवीन_रुजू

खूप आभार सगळ्यांचे. दोन प्रश्न उरले. रेयॉनचे दोन तयार कुर्ते आधीच घेऊन बसलेय, ते वाया? आणि शिक्क्याच्या पॅडची शाई आणि डब्यातल्या वरणाचा डाग, दोन्ही रोजचे होणार.

उभा_आडवा_धागा

वाया नाहीत. रेयॉन गार असतं, फक्त ओलं असताना त्याची ताकद निम्म्यावर येते. मशीनला टाकू नका, पिळू नका, दोरीवर टांगू नका, लांबी वाढते. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढा आणि आडवे वाळवा. उंची बेताची असेल तर खालची दुमड आत्ताच उसवून बघा किती कापड आत आहे, धुतल्यावर कुर्ता आकसला तर तेच उपयोगी पडेल.

खळ_आणि_इस्त्री

शाईवर पाणी टाकू नका, पसरते. डागाखाली जुनं फडकं, उलट्या बाजूनं सॅनिटायझर किंवा स्पिरिट कापसानं टिपत राहा, फडकं बदलत राहा. घासलं तर डाग रुंद होतो. आधी शिवणीच्या मायेवर थेंब टाकून रंग जातो का बघा.

वरणाच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. घाबरू नका, हळद आणि साबणाचा तोच धर्म. धुऊन ओलाच कडक उन्हात टाका, हळद उन्हानं उडते. नांदेडात त्याला अडचण येणार नाही. रंगीत कुर्ता मात्र उलटा करून, आणि पिवळेपणा गेला की लगेच उचला, नाहीतर कुर्त्याचा रंगही सोबत जाईल.

जावक_क्रमांक

आणि टेबलाच्या खणात चार सेफ्टी पिना, सुईदोरा, एक ब्लाउजचं हूक, काळी चप्पल एक जोड. रेकॉर्ड रूमसाठी जुना पूर्ण बाहीचा शर्ट टांगून ठेवा. तिथली धूळ कोणत्याच कापडाला सोडत नाही.