क्यूला मराठीत काय म्हणावं?

जालनेकर: संभाजीनगरच्या एका क्लबाचं नियमपत्रक मराठीत करायलोय. स्नूकर अन् पूल, दोन्ही टेबलावर चेंडू मारायचे खेळ, अन् क्यू म्हणजे चेंडू मारायची लांब काठी. एक नियम असा, की स्नूकरचा क्यू पूलच्या टेबलावर नेऊ नये. मी दोन्हीला ‘काठी’ लिहिलं, तर चालवणारे म्हणायलेत, सगळ्या काठ्याच असल्यावर पोरांना फरक कळणार कसा? दोन वेगळे शब्द हवेत.

परभणीचा सुतार: आधी वस्तू बघा, शब्द नंतर. स्नूकरचा चेंडू 52.5 मिमी, पूलचा 57 मिमीच्या वर आणि जडही. म्हणून स्नूकरचा शेंडा निमुळता, टिप, म्हणजे टोकाची चामडी गादी, 9 ते 10 मिमी. पूलची 12 ते 13. बारीक टिपनं पूलचा ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला जोरकस फटका, मारत राहिलं की ती चेपते, कडेनं पसरते. नियम बरोबर आहे, तो ठेवाच. स्नूकरला बहुधा ॲशचं लाकूड आणि शेंड्याला पितळी शेंबी. पूलला मेपल, शेंबी पांढरी अन् लांब. पूलचा जोड मधोमध, स्नूकरचा बहुतेक बुडाकडं. स्नूकरचं बूड एका अंगानं सपाट तासलेलं असतं, हात फिरवला की कळतं.

लातूरहून: शेंबी तर काठीच्या बुडाला असते, जिथं ती भुईला टेकते. शेंड्याला कशी काय?

परभणीचा सुतार: टोक फुटू नये म्हणून बसवलेली टोपी ती शेंबी. वर असो का खाली.

नांदेडचे गुरुजी: ‘काठी’ मुळातच चूक. शब्द काष्ठावरून आलाय आणि आता पूलचे शेंडे कार्बन फायबरचे निघालेत. ‘यष्टी’ घ्या.

बीडकर: गुरुजी, यष्टी क्रिकेटनं कधीच नेली. अन् शाई म्हंजे मुळात काळी, फारसी ‘सियाह’वरून. तरी आपण लाल शाई म्हणतोच की. पार्लरात सगळे ‘स्टिक’ म्हणतात, तेच लिहा.

नांदेडचे गुरुजी: पार्लरातलं सगळंच लिहायचं तर अनुवाद कशाला करायचा?

लातूरहून: ‘क्यू’ फ्रेंचमधल्या शेपटीवरून आलाय. आधी मेस नावाच्या जाड डोक्याच्या दांड्यानं चेंडू ढकलायचे. चेंडू टेबलाच्या कडेला चिकटला की मेस उलटा धरून शेपटाकडून मारायचे. रांगेचा क्यूही तोच शब्द.

बीडकर: मग स्नूकरच्या क्यूला ‘तुतारी’ म्हणा. आमच्या शिवारात बैल हाकायच्या काठीला म्हणतात, बूड जाड, शेंडा बारीक.

हिंगोलीची लेक: ती पराणी! तुतारी वाजवायची असते.

बीडकर: ताई, आमच्याकडं टोकाला खिळा असला की तुतारीच. पराणी कोणी म्हणत नाही.

हिंगोलीची लेक: खिळा नाही, आर म्हणतात त्याला.

जालनेकर: पत्रक उद्या छापायला जायचंय हो. शेंड्यावरूनच ‘बारीक टिपचा क्यू’ आणि ‘जाड टिपचा क्यू’ लिहू का?

परभणीचा सुतार: लिहा, पण जोडीला मिमीचे आकडे द्या.

बीडकर: ताई, आर तर चांभाराची.