हलक्या भरणीच्या काडतुसांसाठी .४५ पिस्तुलाला किती पौंडांची रिकॉइल स्प्रिंग घ्यावी?

ओहायोकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. बालेवाडीला १० मीटर एअर पिस्तूल शिकलो, तेव्हा स्लाइड (गोळी सुटताच मागे सरकणारा पिस्तुलाचा वरचा भाग) आणि तिला परत पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग हा विषयच कधी आला नव्हता. आता ओहायोत ५ इंची नळीचे, १९११ पद्धतीचे (कोल्टच्या जुन्या लष्करी आराखड्याचे), .४५ एसीपी काडतुसाचे पिस्तूल घेतले असून कागदी लक्ष्यावरच्या सरावासाठी काडतुसे घरीच भरतो. गोळी २०० ग्रेनची (सुमारे १३ ग्रॅमची), शिशाची, सेमी-वॅडकटर (सपाट नाकाची, कागदाला स्वच्छ गोल भोक पाडणारी) आहे. काडतुसातली दारू (बंदुकीची भुकटी) भरणपुस्तिकेतील मर्यादेच्या आत, पण खालच्या टोकाला आहे आणि क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) वेग सेकंदाला सुमारे ७५० फूट येतो. नेम छान लागतो, परंतु जवळजवळ प्रत्येक मॅगझिनमध्ये एखादी रिकामी पुंगळी बाहेर पडण्याऐवजी स्लाइडमध्ये उभी अडकते, आणि शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे थांबत नाही. सध्या मूळची १६ पौंडांची स्प्रिंग आहे. थेट १० पौंडांची बसवावी काय?

जुना नेमबाज

थेट १० वर जाऊ नये. आधी हिशेब पाहा: २३० ग्रेनची नेहमीची कारखानी गोळी सेकंदाला सुमारे ८३० फूट वेगाने जाते, म्हणजे वजन आणि वेग यांच्या गुणाकाराला हजाराने भागल्यास १९१ येतात, आपल्या भरणीचे १५० येतात. स्लाइडला मिळणारा धक्का साधारण एक पंचमांशाने घटला आहे आणि स्प्रिंग मात्र तीच आहे, त्यामुळे स्लाइड पूर्ण मागे पोहोचत नाही. आपली दोन्ही लक्षणे याच एका कारणाची आहेत.

स्प्रिंगवरचा आकडा हा स्लाइड पूर्ण मागे असतानाचा जोर असतो. १४, १३ आणि १२ पौंडांच्या स्प्रिंगा आणून वरून खाली उतरत यावे, आणि जी पहिली स्प्रिंग बिनचूक चालेल तिच्यावरच थांबावे. मॅगझिनमध्ये एकच काडतूस घालून झाडावे आणि स्लाइड मागे थांबते का ते पाहावे. हे दहा वेळा, त्यांतले काही एका हाताने करावे, कारण मनगट सैल पडले की स्लाइडचा जोर आणखी कमी होतो. पुंगळ्या दीड-दोन मीटरवर पडत असतील तर ठीक. पायाशी पडत असतील तर स्प्रिंग अजून जड आहे, आणि पार शेजारच्या नेमबाजाच्या जागेपर्यंत उडत असतील तर ती फारच हलकी झाली आहे.

स्प्रिंगचे अर्धे काम परतीच्या वाटेवर असते, हे बहुतेक जण विसरतात. पुढचे काडतूस मॅगझिनमधून ओढून चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या काडतुसाच्या जागेत) बसवणे आणि स्लाइड पूर्ण मिटवणे हे तिलाच करायचे असते. शिशाच्या गोळ्यांमुळे चेंबरजवळ काजळी साचली की १० पौंडांची स्प्रिंग तिथे कमी पडू शकते.

दारू मात्र पुस्तिकेतील किमान मर्यादेखाली कधीही नेऊ नये. गोळी नळीत अडकली आणि ते न कळता दुसरी झाडली गेली, तर प्रश्न स्प्रिंगचा उरत नाही.

टेक्सासवासी

वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त एक भर. मागे जाताना स्लाइडला आधी हॅमर (मागचा घोडा) चढवावा लागतो आणि त्याच्या २३ पौंडांच्या मुख्य स्प्रिंगचा विरोधही मोडावा लागतो. तीही हलकी करण्याचा मोह होतो, पण मग कठीण प्रायमर (काडतुसाच्या बुडाची, दारू पेटवणारी टोपी) कधीकधी पेटत नाहीत, म्हणून मी तिला हात लावत नाही. स्लाइडवर रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम धरण्याचे साधन) बसवला असल्यास त्याचे वजनही हिशेबात घ्यावे.

जुना नेमबाज

ग्लॉकसारखी स्ट्रायकरची (हॅमरऐवजी आतल्या स्प्रिंगवरच्या सुईने प्रायमर पेटवणारी) पिस्तुले वापरणाऱ्यांनी हे आकडे तसेच उचलू नयेत. तिथे स्ट्रायकरची स्प्रिंग रिकॉइल स्प्रिंगच्या विरुद्ध ओढते. पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, नळी सुरक्षित दिशेने वर धरून ट्रिगर हळू दाबावा. स्लाइड किंचितही मागे सरकली तर स्प्रिंग फार हलकी आहे.

ओहायोकर

मनःपूर्वक आभार. १४ पौंडांवर पुंगळ्या अडकणे थांबले, पण दहापैकी दोनदा स्लाइड मागे थांबली नाही; १३ वर दहाही वेळा थांबली, त्यापैकी चार वेळा एका हाताने. कारखानी काडतुसांसाठी १६ चीच परत बसवतो आणि दोन्ही स्प्रिंगा दिसायला सारख्याच असल्यामुळे १३ च्या टोकाला लाल रंगाचा ठिपका दिला आहे.