आई गेलेल्या भाचीसाठी कवितांमधून उलगडणारी कादंबरी सुचवाल का?

प्रश्न

माझी भाची अकरा वर्षांची आहे. गेल्या वर्षी माझी बहीण, म्हणजे तिची आई, आजारपणात गेली. त्याआधी ही मुलगी हाती घेतलेले पुस्तक संपवूनच खाली ठेवत असे. आता तिच्या उशाशी असलेल्या जाड कादंबरीतली खूण कित्येक महिने त्याच पानावर आहे. दोन परिच्छेद झाले की लक्ष उडते, असे तिने स्वतःच मला सांगितले. कविता मात्र ती अजूनही वाचते आणि एखादी आवडली तर वहीत उतरवून घेते. म्हणून लहान लहान कवितांमधून सलग गोष्ट सांगणारी कादंबरी तिला द्यावी, असे मनात आहे. इंग्रजी ती सहज वाचते. दुःखाचा विषय टाळणारे पुस्तक मला नको, कारण तिच्यासमोर आम्ही सगळेच तो टाळत आलो आहोत. पण चार दिवसांत सावरणारी धीराची नायिकाही नको. कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

ताई, सर्वप्रथम जॅकलिन वुडसन यांची ‘लोकोमोशन’ (२००३) पाहावी. तिचा नायक लॉनी अकरा वर्षांचाच आहे. तो सात वर्षांचा असताना घराला लागलेल्या आगीत त्याचे आईवडील गेले; तो एका बाईंकडे वाढतो आणि धाकटी बहीण लिली दुसऱ्याच कुटुंबात. पहिल्याच कवितेत तो सांगतो की, सगळी हकीकत सांगायला घेतली की डोक्यात गप्प बसण्याची ताकीद उमटते, आणि तो आवाज त्याला सांभाळणाऱ्या बाईंचा असतो. आपण विषय टाळला जातो असे लिहिलेत, तेव्हा मला हीच कविता आठवली. शाळेतल्या बाई त्याला कविता लिहायला लावतात, मग तो हायकू करून पाहतो, सुनीत (चौदा ओळींची कविता) करून पाहतो, पत्रासारखेही लिहितो. वहीत कविता उतरवणाऱ्या मुलीला हे जवळचे वाटेल.

शिफारस करण्याचे आणखी एक कारण आहे आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. इथे मृत्यू गोष्ट सुरू होण्याआधीच होऊन गेलेला आहे, त्यामुळे पुढच्या पानावर कोणी जाईल अशी धास्ती वाचणाऱ्या मुलाला राहत नाही, आणि चार वर्षांनंतरही लॉनीला आठवण येते, राग येतो, हसूही येते, हे त्याला दिसते.

प्रतिसाद २

वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे आणि त्याच कारणासाठी एक सावधगिरीची सूचना करतो. कॅरन हेस यांच्या ‘आउट ऑफ द डस्ट’चे नाव आपल्याला हमखास सुचवले जाईल, १९९८ सालचे न्यूबेरी पदक (अमेरिकेतील बालसाहित्याचा मानाचा पुरस्कार) मिळालेली ही उत्तम कादंबरी १९३४-३५ च्या धुळीच्या वादळांच्या काळात ओक्लाहोमात घडते. मात्र तिच्यात आईला भाजण्याचा प्रसंग आणि तिचा मृत्यू वाचकाच्या डोळ्यांसमोर घडतो, आणि त्यात मुलीचा स्वतःचाही नकळत हात असतो. आई गेलेली मुले ‘माझ्यामुळे तर नाही ना?’ हा प्रश्न अनेकदा मनातच ठेवतात. तूर्त हे पुस्तक देऊ नये, असे मला कळकळीने वाटते. क्वामे अलेक्झांडर यांची ‘द क्रॉसओव्हर’ (२०१४) बास्केटबॉलच्या लयीत सुसाट वाचून होते, पण तिच्यातही वडील अखेरीस जातात, तीही नंतर.

प्रतिसाद ३

एवढेही जड वाटले तर शॅरन क्रीच यांच्या ‘लव्ह दॅट डॉग’ने (२००१) सुरुवात करता येईल. आकाराने ती अगदी लहान आहे. मुलगे कविता लिहीत नसतात, असे म्हणणारा जॅक तारीख टाकून दोन-चार ओळी खरडू लागतो, आणि आपल्या गेलेल्या कुत्र्याबद्दल तो बोलतो तेव्हा पुस्तक बरेच पुढे गेलेले असते. त्याला बाईंनी वर्गात वाचायला दिलेल्या कविता पुस्तकाच्या शेवटी छापल्या आहेत.

एक विनंती आहे. वाचल्यावर कसे वाटले, हे तिला विचारू नये. कवितेभोवतीची मोकळी जागा थांबण्यासाठीच असते. ती थांबली तर थांबू द्यावे.

प्रश्नकर्ती

सर्वांची मनापासून आभारी आहे. ‘लोकोमोशन’ मी स्वतः आधी वाचली. त्यातले आईवडील गेलेले आहेत, हे पुस्तक देताना सांगावे की तिचे तिला कळू द्यावे?

प्रतिसाद १

जरूर सांगावे, आणि एका वाक्यात सांगावे. तिने शेवट विचारला तर तोही सांगावा, त्याने गोडी कमी होत नाही. नको वाटले तर मध्येच ठेवून दिले तरी चालेल, हेही तेव्हाच सांगून टाकावे.

प्रश्नकर्ती

आज तसेच सांगितले. ती थोडा वेळ मुखपृष्ठाकडे पाहत राहिली आणि मग तिने एवढेच विचारले, “त्याला बहिणीला भेटू देतात का?” अधूनमधून देतात, असे मी म्हटले. पुस्तक ती आपल्या खोलीत घेऊन गेली आहे.