'द वॉल'मधला मास्तर

खडूवाला:
दहावीला मराठी शिकवतो, चोवीस वर्षं झाली. रॉक वगैरे आपल्या गल्लीतलं नाही. परवा मुलीनं टीव्हीवर पिंक फ्लॉइड या रॉक बँडचं 'अनदर ब्रिक इन द वॉल' हे गाणं लावलं, १९८२च्या 'द वॉल' सिनेमातला तुकडा. पोरं ओळीनं चाललीयत, तोंडावर एकसारखे गुलाबी, लोळागोळा झालेले मुखवटे. एकेक करून खिम्याच्या यंत्रात पडतात. खालून सोऱ्यातून शेव पडावी तसा खिमा. मी तिथंच बंद करायला लावलं.

पण अडकलोय त्याआधीच्या प्रसंगात. मास्तर पोराची कविता पकडतो, वर्गात मोठ्यानं वाचतो, पोरं हसतात, मग हातावर पट्टी. मलाही एकदा आठवीतल्या एकाच्या भूगोलाच्या वहीत विहिरीवरची कविता सापडली होती. मीही वाचली, आवाज काढून. हे गाणं शिक्षणाच्याच विरोधात आहे का? जाणकारांनी सांगावं.

तबकडी:
सर, शिक्षणाच्या नाही, वर्गात पोरांचा पाणउतारा करणाऱ्यांच्या विरोधात. बँडमधल्या रॉजर वॉटर्सनं ते स्वतःच्या शाळेच्या आठवणींवरून लिहिलं. गंमत बघा, मास्तर 'भिकार' म्हणून ज्या ओळी वाचतो त्या याच बँडच्या 'मनी'मधल्या. ते गाणं १९७३चं, जगभर खपलेलं!
आणि १९७९च्या रेकॉर्डवर गाणारी पोरं लंडनच्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेतली. त्यांना स्टुडिओत पाठवलं त्यांच्याच संगीताच्या मास्तरांनी, ॲलन रेनशॉ यांनी. पुढं १९८०मध्ये दक्षिण आफ्रिकेत शाळांवर बहिष्कार टाकणारी मुलं हेच गाऊ लागली, तर सरकारनं गाण्यावर बंदी घातली.

मोजणीदार:
कवितेची टर उडवून झाल्यावर तो मास्तर वर्गाकडून काय घोकून घेतो, ऐकलंत का? एकर म्हणजे एक फर्लांग लांब नि एक साखळी रुंद आयत. फर्लांग ६६० फूट, साखळी ६६. गुणा. ४३,५६० चौरस फूट, म्हणजे आपले बरोबर ४० गुंठे. व्याख्येत खोट नाही! असलीच कोष्टकं मी छड्या खाऊन पाठ केली आणि तीस वर्षं त्यावरच पोट भरलं. आता बोला.

उंबरठा:
मोजणीदारकाका, छडी नसती तर गुंठा ३४ फुटी झाला असता का? :)
मला त्यात मास्तरच्या घरचं जेवण फार आवडतं. ताटातला चिवट तुकडा बायको नुसत्या नजरेनं त्याला गिळायला लावते, आणि मधेमधे दिसतं की तो शाळेत पोराला बडवतोय. वड्याचं तेल वांग्यावर. फक्त खापर शेवटी बायकोवरच फुटतं, तेवढं मला पटत नाही.
आणि सर, खिम्यापाशी थांबू नका. पुढं पोरं बाकं मोडतात, शाळा पेटवतात. मग दिसतं की तो पोरगा वर्गातच बसलाय, हात चोळत. पेटलंबिटलं काही नाही, सगळं त्याच्या डोक्यात.

खडूवाला:
आत्ता शेवटपर्यंत पाहिलं. हात चोळतो तेवढंच परत दोनदा लावलं.
मोजणीदार, तुमचा हिशेब उद्या फळ्यावर लिहितो, छडीशिवाय.
तो मुलगा आता तालुक्याला मोबाईल दुरुस्त करतो. माझाही केलाय, पैसे घेतले नाहीत. त्याच्या कवितेतली एक ओळ मला अजून पाठ आहे, 'विहिरीच्या तळाला आभाळ ताटलीएवढं'. 'ताटली'वर मी मुद्दाम थांबलो होतो, वर्ग हसावा म्हणून.